न मिळालेल्या पैशांची पावती

प्रति,
लेखाधिकारी, लेखापाल आणि लेखा शाखेतले समस्त कर्मचारी,
भाषांतर, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, चित्रं, मांडणी अशी कामं बाहेरून करून घेणारी सर्व शासकीय व निमशासकीय कार्यालयं, महामंडळं आणि विद्यापीठं.

विषय : देयकासोबत (बिलासोबत) मागितल्या जाणाऱ्या सह्या, शिक्के, तिकिटं आणि सीडी यांबाबत.

महोदय, महोदया,

मी बाहेरून काम करणारी भाषांतरकार आहे. शेतीच्या माहितीपुस्तिका, आशाताईंच्या प्रशिक्षणाची पुस्तकं, वार्षिक अहवाल असलं साहित्य इंग्रजीतून मराठीत आणते. तुमच्या कागदांत माझा उल्लेख ‘पुरवठादार’ असा होतो. सिमेंट पुरवणारा आणि क्रियापदं पुरवणारी, दोघांनाही फॉर्म एकच. त्यात ‘गोदामाचा पत्ता’ असाही रकाना असतो. तिथे मी ‘निरंक’ लिहिते.

तक्रार फॉर्मबद्दल नाही. फॉर्म भरायला माझी हरकत कधीच नव्हती. जनतेचा पैसा आहे, तो कुणाला आणि कशाबद्दल दिला याची नोंद राहिलीच पाहिजे. पण देयक सादर केल्यावर जे सुरू होतं त्यातला बराचसा भाग आता कशाचीही नोंद ठेवत नाही, आणि काही भाग तर चक्क खोटी नोंद ठेवतो.

आगाऊ पावतीचंच घ्या. देयकाच्या तीन प्रती, तिन्हींवर मूळ सही. त्यातल्या एका प्रतीच्या तळाला ‘वरील रक्कम मिळाली’ असं लिहायचं, त्याखाली एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट डकवायचं आणि अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर येईल अशी सही ठोकायची. तारखेची जागा कोरी ठेवायची, कारण ‘तारीख आम्ही टाकू’. म्हणजे ज्या दिवशी मी पैसे मागायला आलेय, त्याच दिवशी ते मिळाल्याचं लिहून देते. देयक मंजूर व्हायचंय, निधी यायचाय, कधी कधी तर कार्यादेशावर (वर्क ऑर्डरवर) सहीसुद्धा व्हायचीय. आणि फायलीत पावती हजर!

ही पद्धत कुठून आली असेल ते समजतं. पूर्वी रोखपालाच्या खिडकीशी माणूस उभा राहायचा, एका हाताने सही करायचा आणि दुसऱ्या हाताने पैसे घ्यायचा. परगावच्या माणसाला तेवढ्यासाठी बोलवायला नको, म्हणून त्याच्याकडून पावती आधी मागवून धनादेश टपालाने धाडला जाई. त्या काळी यात सोय होती, माझ्यासारखीचीच सोय होती. आता तुम्ही पैसे एनईएफटीने पाठवता. प्रत्येक व्यवहाराला बँक यूटीआर क्रमांक देते. किती रक्कम, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात, कोणत्या दिवशी, सगळं त्यावरून निघतं. माझ्या सहीपेक्षा तो पुरावा कितीतरी पक्का, कारण तो मी आधीच लिहून देऊ शकत नाही.

तिकिटाचं तर बोलूच नका. कायद्याने पाच हजारांपुढच्या रकमेच्या पावतीलाच ते लागतं. २००४ सालापूर्वी ही मर्यादा पाचशे होती. तुम्ही ते साडेतीन हजारांच्या देयकालाही लावायला सांगता. टपाल कचेरीत विचारावं तर ‘संपलीत’. बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मात्र कधी संपत नाहीत. तो एक रुपयाचं तिकीट पाचाला देतो, आणि देताना ‘कुठल्या हापिसात द्यायचंय?’ असं विचारतो. माझा अंदाज आहे की तुमच्या कार्यालयांची कागदपत्रांची यादी त्याला तुमच्यापेक्षा चांगली पाठ आहे.

यात गमतीपलीकडचं एक दुखणं आहे. देयक अडकलं, साहेबांची बदली झाली, निधी परत गेला, तर मला पैसे मिळाले नाहीत हे मी कशाच्या आधारावर सांगायचं? तुमच्या फायलीत माझ्या सहीची, तिकीट लावलेली पावती आहे. तुम्ही ती कधी वापरणार नाही, यावर माझा विश्वास आहे. पण विश्वासावरच चालायचं असेल तर मग सही तरी कशाला?

आता सहीकडेच येते.

तुमच्यातल्या पुष्कळ कार्यालयांचा नियम असा : फॉर्म ईमेलने येतो, तो छापायचा, निळ्या शाईने सही करायची, स्कॅन करून ईमेलने परत पाठवायचा, आणि मूळ प्रत टपालानेही पाठवायची. निळ्या शाईचं कारण पूर्वी चोख होतं. झेरॉक्स काळी निघायची, त्यामुळे निळी सही म्हणजे मूळ प्रत. रंगीत प्रिंटर घरोघरी आल्यापासून हा भेद उरलेला नाही. एका फॉर्मवर ‘कॅमस्कॅनरने स्कॅन करून पाठवावे’ अशी सूचना मी अजून पाहते. ते अ‍ॅप २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅप्सपैकी आहे. दुसऱ्या एका फॉर्मवर ‘रजिस्टर पोस्टानेच’ असं छापलेलं आहे. ती सेवा टपाल खात्याने २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन केली. फॉर्मला हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

मी क्लास ३ चं डिजिटल सही प्रमाणपत्र घेतलेलं आहे. ते मिळवताना पॅन दाखवावं लागलं, कॅमेऱ्यासमोर बसून ओळख पटवावी लागली, आणि ते एका यूएसबी टोकनमध्ये येतं, ज्याचा पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की टोकन कुलूपबंद. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी आधारच्या ओटीपीवर चालणारी ई-सही २०१५ पासून आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ५ प्रमाणे अशा सहीला हातच्या सहीइतकंच मोल आहे. पहिल्या अनुसूचीत अपवाद दिलेले आहेत : मृत्युपत्र, न्यासपत्र वगैरे. भाषांतराचं देयक त्यात नाही.

तर असं डिजिटल सही केलेलं देयक मी पाठवलं, आणि फोन आला : ‘मॅडम, तुमच्या सहीवर प्रश्नचिन्ह येतंय.’

बरोबर आहे, येतं. पिवळं प्रश्नचिन्ह, शेजारी ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’. वाचून कुणालाही वाटावं की सही खोटी आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की भारतातल्या ज्या यंत्रणेने हे प्रमाणपत्र दिलं तिला तुमच्या संगणकावरचं पीडीएफ उघडणारं सॉफ्टवेअर अजून ओळखत नाही. सहीवर उजवी क्लिक करायची, प्रमाणपत्र उघडायचं, ते विश्वासाच्या यादीत टाकायचं, पुन्हा तपासायला सांगायचं. प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. त्या यंत्रणेचं मूळ प्रमाणपत्र एकदा यादीत गेलं की पुढच्या सह्यांना हा खटाटोपही नाही. हेच प्रश्नचिन्ह डाउनलोड केलेल्या ई-आधारवर असतं; ते आधार तुम्ही मुकाट्याने फायलीला लावता. टीडीएस कापल्यावर तुम्ही मला त्याचं जे प्रमाणपत्र पाठवता, त्याच्यावरही अनेकदा डिजिटल सहीच असते आणि तेच पिवळं चिन्ह असतं. मी ते परत पाठवलेलं नाही.

फोनवर हे सगळं सांगितल्यावर पलीकडून उत्तर आलं, ‘ते ठीक आहे, पण आम्ही प्रिंट काढलीय, त्यात प्रश्नचिन्ह छापून आलंय, आता साहेब काय म्हणतील?’ इथे मात्र मला हात टेकावे लागले. डिजिटल सही संगणकातल्या फाइलमध्ये असते. कागदावर छापून येतं ते तिचं चित्र. देयकातला एक आकडा कुणी बदलला तर फाइल लगेच सांगते की सहीनंतर यात फेरफार झालाय. लेखा शाखेला याहून काय हवं? आणि ती छापली की नेमकी हीच ताकद जाते. शेवटी तोडगा त्याच बाईंनी सुचवला : ‘तुमच्या सहीचा फोटो वर्डमध्ये चिकटवून पाठवा ना, तसं चालतं.’ तसं चाललं. कुणालाही माझ्या जुन्या पत्रावरून उचलता येईल असं चित्र चाललं, आणि जिची नक्कल करता येत नाही ती सही परत आली. वर ‘शिक्का पण मारा’. माझी कंपनी नाही, दुकान नाही. नावाचा रबरी शिक्का करून घेतला. आता ‘प्रोप्रायटर’ या शब्दावर सही करते.

कलम ९ ची मला कल्पना आहे. इलेक्ट्रॉनिक कागद घ्याच, असा हट्ट सरकारी कार्यालयाकडे धरण्याचा हक्क कायद्याने मला दिलेला नाही. म्हणूनच हे पत्र आहे, नोटीस नाही.

सीडीबद्दल थोडक्यात. काही कार्यादेशांत अजून अट असते की अंतिम मजकूर ‘सॉफ्ट कॉपी सीडीमध्ये व हार्ड कॉपी दोन प्रतींत’ द्यावा. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. गेल्या कित्येक वर्षांत आलेल्या बहुतेक लॅपटॉपना नसते. त्यामुळे मजकूर आधी ईमेलने साहेबांना जातो, ते तो वाचतात, दुरुस्त्या सांगतात, तोच छपाईलाही जातो. मग मी डीटीपीवाल्याकडून सीडी करून आणते. एकदा लिपिकांनी ती माझ्यासमोरच फायलीला लावली. पाकिटासकट, स्टेपलरने. टाचणी सीडीच्या कडेतून आरपार गेली. मी काही बोलले नाही, कारण ती उघडणारं यंत्र त्या खोलीतल्या एकाही संगणकाला नव्हतं. अट पूर्ण झाली होती.

याच्या जोडीला फॉन्ट. मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या टंकलेखन सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्येच हवा, असं अजून सांगितलं जातं. तो आग्रह धरणाऱ्या ऑपरेटरवर माझा राग नाही. त्यांचा हात त्या कळफलकावर बसलेला आहे, आणि तो बदलायला त्यांना कुणी वेळ दिला नाही. पण जुन्या फॉन्टमधला मजकूर आतून मराठी नसतोच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार चढवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडा, म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्यात शोध घेता येत नाही, तो संकेतस्थळावर टाकता येत नाही, अंध वाचकाचं वाचनयंत्र तो वाचू शकत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत, ही अडचण नाही, आणि शासनाने स्वतःच ते वापरायला कधीचं सांगितलेलं आहे. तरी मी युनिकोडमध्ये दिलेला मजकूर श्रीलिपीत उतरवला जातो, छापला जातो, आणि संकेतस्थळासाठी पुन्हा युनिकोडमध्ये आणला जातो. या येरझाऱ्यांत ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, आणि पुस्तिकेत भाषांतरकार म्हणून नाव माझं असतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा एका कार्यालयाने त्यानिमित्त काढायच्या पत्रकाचा मजकूर माझ्याकडून तपासून घेतला. जुन्या फॉन्टमध्ये.

स्टॅम्पपेपर : माझी उलाढाल वीस लाखांच्या खाली आहे, त्यामुळे सेवांसाठी जीएसटी नोंदणी मला लागत नाही. हे एका ओळीत लिहून द्यायला मी तयार आहे. तुम्हाला ते प्रतिज्ञापत्रावर हवं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्पपेपर आला. शासकीय कार्यालयांत सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क २००४ मध्येच माफ झालंय, आणि जिथे कायद्याने शपथपत्र बंधनकारक नाही तिथे स्वयंघोषणापत्र घ्यावं असं सामान्य प्रशासन विभागाचा ९ मार्च २०१५ चा शासन निर्णय सांगतो. हे मी एकदा नम्रपणे सांगून पाहिलं. ‘तो जीआर दाखल्यांसाठी आहे, बिलांसाठी नाही’ असं ऐकून घेतलं आणि पाचशे रुपये मोजले. देयक सहा हजारांचं होतं.

आता वेळेचं. कारण पैसे कधी येतात यापेक्षा देयक कधी ‘पूर्ण’ झालं असं तुम्ही धरता, यावर सगळं ठरतं. त्रुटी एकदम सांगितली जात नाही. आधी तिकीट नाही म्हणून परत. मग रद्द केलेला धनादेश नाही म्हणून. मग धनादेशावर नाव छापलेलं नाही, पासबुकाचं पहिलं पान आणा. मग पासबुकावर बँकेचा शिक्का नाही. प्रत्येक खेपेला आवक क्रमांक नवा, म्हणजे फायलीच्या हिशेबाने माझं देयक कायम कालच आलेलं असतं. आणि तीन वेगवेगळ्या पुरवठादारांची दरपत्रकं लागणारच असतील, तर उरलेली दोन ‘तुम्हीच कुणाकडून तरी आणा’ हे मला फोनवर सांगत जाऊ नका. निदान समोरासमोर सांगा.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ प्रमाणे माझ्यासारख्या नोंदणी केलेल्या लहान सेवा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज. दिवस मोजायचे ते काम स्वीकारल्यापासून, आणि काम पोचल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. ही हरकत कामाबद्दलची, तिकिटाबद्दलची नव्हे. हे व्याज मी कधी मागितलेलं नाही. माझ्या ओळखीत कुणीच मागितलेलं नाही. पुढचं काम कुणाला नको असतं?

मार्चमध्ये मात्र चित्र पालटतं. वर्षभर ज्या देयकात खोट निघत होती ते वीस मार्चनंतर निर्दोष होतं, कारण एकतीसला न वापरलेला निधी परत जाणार असतो. रात्री नऊला फोन येतात. ‘मॅडम, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर बिल टाका, सही नंतर बघू.’ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कागदावरूनही काम पुढे सरकू शकतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझी मागणी एवढीच की मार्चमधला तुमचा समंजसपणा ऑगस्टमध्येही दिसावा.

हे सगळं तुम्ही आकसाने करत नाही, याची मला जाणीव आहे. ‘कशासाठी लागतं हे?’ असं विचारलं की दहातल्या नऊ ठिकाणी उत्तर एकच येतं : ऑडिट. लेखापरीक्षेत आक्षेप निघेल. कोणत्या नियमाखाली, असं विचारलं तर : मागे एकदा निघाला होता. कुणा एका लेखापरीक्षकाने एका फायलीत तिकीट नसल्याचा शेरा मारला, तो आता निवृत्तही झाला असेल, पण त्याच्या शेऱ्याची धास्ती टेबलावरून टेबलावर चालत आली. चुकून कागद कमी पडला तर वसुली लिपिकाच्या पगारातून होईल ही भीती खरी आहे, आणि तिला हसण्याइतकी मी निबर नाही. जास्तीचा कागद मागितला म्हणून मात्र कुणावर कधी आक्षेप निघत नाही. मग मागणाऱ्याने मागत का राहू नये? त्याची किंमत माझ्या खिशातून जाते, तुमच्या लेखाशीर्षातून नाही.

म्हणून या पत्राची एक प्रत लेखापरीक्षकांना, स्थानिक निधीच्याही आणि महालेखाकारांच्याही. बँकेचा यूटीआर असलेलं प्रमाणक (व्हाउचर) तिकिटाच्या पावतीशिवाय ग्राह्य धरू, आणि डिजिटल सही असलेली फाइल न छापता, फाइल म्हणूनच तपासू, एवढं तुम्ही कागदावर लिहून द्या. तुमच्या सहीचं ते एक परिपत्रक खाली टेबलावर बसलेल्या लिपिकाला माझ्या शंभर युक्तिवादांपेक्षा उपयोगी पडेल. ते तुम्ही निळ्या शाईत सही करून पाठवलंत तरी माझी हरकत नाही.

लेखा शाखेकडे मागणं याहून लहान आहे. लागणाऱ्या सगळ्या कागदांची यादी कार्यादेशासोबतच द्या. काम संपल्यावर हप्त्याहप्त्याने नको. यादीतल्या प्रत्येक कागदापुढे तो कोणत्या नियमाने लागतो ते लिहा. जिथे लिहिता येणार नाही तो कागद यादीतून आपोआप गळेल. देयक ज्या दिवशी पहिल्यांदा आवक झालं तीच तारीख शेवटपर्यंत धरा. आणि ‘रक्कम मिळाली’ हे वाक्य माझ्याकडून रक्कम मिळाल्यावर लिहून घ्या. त्या दिवशी मी ते आनंदाने लिहीन, पाच रुपयांचं तिकीट लावून.

प्रश्नचिन्हाची हिरवी खूण कशी करायची हे कुणाला प्रत्यक्ष पाहायचं असेल तर मी येऊन दाखवायला तयार आहे. एका संगणकाला दहा मिनिटंही लागत नाहीत. दुपारी तीननंतर, जेवणाची सुट्टी खरोखर संपल्यावर बोलवावं. या सेवेचं देयक मी सादर करणार नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
एक भाषांतरकार
(पुरवठादार नोंदणी : प्रक्रियेत)

सहपत्रे : निरंक